एडिंबरोस चार आठवडे

प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार पुष्कळ प्रवास केलेल्या माणसाचा, असा सर्वसाधारण समज आहे. त्या हिशेबानें आम्हीं लेखणी हातीं धरूंच नये. मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेंत संस्कृत शिकलों, छत्तीस वर्षें एकाच हायस्कुलांत मुलांकडून शब्द आणि धातु चालवून घेतले, आणि काशीयात्रेपलीकडे स्वतःचें पाऊल कधीं चालविलें नाहीं. असें असूनहि सन २०२५ च्या जून-जुलै महिन्यांत स्कॉटलंडांतील एडिंबरो नगरींत चार आठवडे राहण्याचा योग आला. स्थळें पाहण्याची हौस हें त्याचें कारण नव्हतें. आम्ही घरचें एक काम घेऊन गेलों होतों, आणि तें काम कसें झालें हें सांगण्याजोगें वाटतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे थोरले बंधु नाना यांची धाकटी कन्या डॉक्टर आहे. घर एकत्र असल्यामुळें ती आम्हांस पुतणी कमी आणि मुलगी अधिक. इकडील सरकारी महाविद्यालयाची पदवी घेऊन २०२१ सालीं ती विशेष शिक्षणासाठीं विलायतेस गेली. 'दोन वर्षांत परत येतें' असें देवापुढें सुपारी ठेवून सांगून गेलेल्या मुलीस चार वर्षें होत आलीं. मध्यंतरीं, २०२४ च्या दिवाळीनंतर, नाना न्हाणीघरांत पडले. हाड मोडलें नाहीं. पण शहात्तराव्या वर्षीं माणूस पडला म्हणजे हाड न मोडतांहि पुष्कळ कांहीं मोडतें. त्यांनीं देवळांत जाणें सोडलें. घरांतल्या घरांत भिंत धरून चालूं लागले. पुतणी तिकडे जें शास्त्र शिकते तें वृद्धांच्या वैद्यकाचें. एके दिवशीं पोळ्या लाटतां लाटतां वहिनी म्हणाल्या, "लेक साता समुद्रांपलीकडे लोकांचे म्हातारे उठवून बसवते, आणि इथें बापाला उठवायला शेजारचा मुलगा बोलवावा लागतो." त्या हें कोणास उद्देशून बोलल्या नव्हत्या, म्हणूनच तें आम्हां सर्वांस लागलें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं नानांनीं आम्हांस जवळ बसवून सांगितलें, "तिला परत ये म्हणूं नकोस. केव्हां येणार, एवढें विचारून ये."

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून उत्तरेस जाणारी आगगाडी साडेचार तासांच्या सुमारास एडिंबरोस पोंचते. न्यूकॅसल मागें पडल्यावर उजव्या हातास समुद्र दिसूं लागतो, आणि बेरिक गांवाजवळ ट्वीड नदीवरील उंच पूल ओलांडला कीं थोड्याच वेळांत स्कॉटलंडची हद्द लागते. आमच्या कोंकणच्या समुद्राचा निळेपणा त्या समुद्रास नाहीं. शिशाचा रस ओतावा तसा तो पसरलेला असतो, आणि त्याच्या कांठापर्यंत हिरवीं कुरणें व मेंढरें. गाडी ज्या वेव्हर्ली स्थानकांत थांबते तें एका दरींत आहे. वर येऊन पाहावें तों एका बाजूस टेकडीच्या कण्यावर वसलेलें जुनें शहर व त्याच्या टोंकास काळ्या कातळावरचा किल्ला, दुसऱ्या बाजूस अठराव्या शतकांत आंखून बांधलेलें नवें शहर, आणि पूर्वेस 'आर्थर्स सीट' नांवाचा उघडा डोंगर. सगळें दगडी, आणि कोळशाच्या धुरानें तो दगड पिढ्यान् पिढ्या काळवंडलेला. ज्येष्ठ-आषाढांत येथें सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो. सायंसंध्या घरच्या घड्याळाप्रमाणें करावी तर भर दुपार, आणि येथील सूर्याप्रमाणें करावी तर निजण्याची वेळ! शेवटीं दोहोंचा मध्य काढून आम्ही जेवणापूर्वीं आचमन करूं लागलों.

पुतणीचें बिऱ्हाड एका जुन्या दगडी चाळवजा इमारतींत तिसऱ्या मजल्यावर होतें. गोल जिन्याच्या बासष्ट पायऱ्या. पहिल्या दिवशीं आम्ही दोनदां थांबलों. ती काहीं बोलली नाहीं, मात्र थांबलों तेव्हां तिनें आमच्या श्वासाकडे लक्ष दिलें हें आमच्या ध्यानांत आलें. दुसऱ्या मजल्यावर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक विधवा बाई एकट्या राहत. त्यांचें दूध पुतणी वर येतांना घेऊन येई व दारांत ठेवी.

तिची पाळी कधीं दिवसा, कधीं रात्रीं, आणि एकेक पाळी बारा-साडेबारा तासांची. त्यामुळें पहिला आठवडा आम्हीं नकाशा घेऊन एकट्यानेंच शहर हिंडण्यांत घालविला. हिंडतां हिंडतां एक गोष्ट कळून आली. काशीस जसें पावलोपावलीं देऊळ, तसें येथें पावलोपावलीं वैद्यकविद्येचें स्थान आहे. १५०५ सालीं न्हावी आणि शल्यवैद्य यांचा मिळून एक संघ या नगरांत स्थापन झाला. आजचें रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स हें त्याचेंच वंशज. कायचिकित्सकांचें कॉलेज १६८१ चें, विद्यापीठाची वैद्यकशाखा १७२६ ची. प्रसूतीच्या वेदना शमविण्यासाठीं क्लोरोफॉर्मचा उपयोग डॉ. सिम्प्सन यांनीं १८४७ सालीं येथेंच केला. रोगी दारांतून आंत येतांच त्याचा धंदा ओळखणारे डॉ. जोसेफ बेल येथलेच. त्यांचा विद्यार्थी कॉनन डॉइल यानें त्यांच्यावरूनच शेरलॉक होम्स उभा केला.

या विद्येस काळी बाजूहि आहे, आणि ती येथील लोक लपवीत नाहींत. शवविच्छेदनास प्रेतें मिळेनात म्हणून १८२८ सालीं बर्क आणि हेअर या दोन इसमांनीं सोळा माणसें मारून तीं शारीरशास्त्राच्या एका शिक्षकास विकलीं. बर्क फांशीं गेला. त्याच्या कातडीचें एक पाकीट सर्जन्स हॉलच्या संग्रहालयांत कांचेआड ठेवलेलें आहे. तें पाहून आम्हांस दुपारचें जेवण गेलें नाहीं. त्याच इमारतीसमोर १८७० च्या नोव्हेंबरांत दुसरा एक प्रकार घडला. सोफिया जेक्स-ब्लेक व त्यांच्या सोबतिणी विद्यापीठांत वैद्यक शिकत होत्या. त्या परीक्षेस आल्या असतां जमावानें त्यांस चिखल मारून अडविलें आणि आंत एक मेंढी सोडली. विद्यापीठानें त्यांना पदवी दिलीच नाहीं. ती 'एडिंबरोच्या सात जणीं'ना २०१९ सालीं, मरणोत्तर, देण्यांत आली.

परंतु त्या सात जणींनीं ढकललेलें दार पुढें किलकिलें झालें, आणि त्यांतून आपल्याकडील स्त्रियाहि गेल्या. बंगालच्या कादंबिनी गांगुली १८९३ सालीं येथें आल्या व येथील परीक्षा देऊन परत गेल्या. मुंबईच्या रखमाबाई, ज्यांचें नांव लग्नाच्या खटल्यामुळें एकेकाळीं आपल्याच वृत्तपत्रांतून निंदेनें गाजलें, त्यांनीं लंडनला शिकून १८९४ सालीं स्कॉटलंडच्या परीक्षामंडळांचा परवाना मिळविला, आणि पुढें आयुष्यभर सुरत-राजकोटकडे स्त्रियांची सेवा केली. आमच्या स्वतःच्या शास्त्राचीहि खूण येथें सांपडली. काशीच्या कॉलेजांत राहून गेलेले जॉन म्यूर यांनीं १८६२ सालीं या विद्यापीठांत संस्कृताचें अध्यासन स्थापिलें. तेथें ऑफ्रेख्त व एगेलिंग यांच्यासारखे पंडित शिकवीत असत. आम्ही त्या जुन्या चौकांत उभे राहून मनोमन नमस्कार केला. मग वाटलें, विद्या समुद्र ओलांडते, ग्रंथ ओलांडतात, त्यांचें आपण कौतुक करतों; मुलगी ओलांडून गेली तेव्हां मात्र तारीख विचारतों.

आतां पुतणीच्या शिक्षणाविषयीं. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हा विषय निघत असेल, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. परदेशांत शिकलेल्या डॉक्टरास त्या देशांत रोग्यास हात लावण्यापूर्वीं तेथील जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहींत नांव घालावें लागतें. त्यासाठीं इंग्रजी भाषेची परीक्षा, आणि मग 'प्लॅब' नांवाची दोन भागांची वैद्यकीय परीक्षा. पहिला भाग लेखी, तीन तासांत एकशेंऐंशी प्रश्न. तो मुंबईंतहि देतां येतो. दुसरा भाग मँचेस्टर येथेंच. तेथें एकामागून एक सोळा प्रसंग ठेवलेले असतात. दारावरची सूचना दीड मिनिटांत वाचावयाची, घंटा झाली कीं आंत जावयाचें. आंत रोगी म्हणून बहुधा नट किंवा नटी बसलेली. कोणास छातींत दुखतें, कोणाचें मूल तापानें फणफणलें आहे, कोणास आई वारल्याची बातमी सांगावयाची आहे. प्रत्येकीं आठ मिनिटें.

पहिला भाग पुतणीनें सहज जिंकला. दुसऱ्यांत ती पहिल्या खेपेस नापास झाली. हें आम्हांस घरीं कोणीं सांगितलेंच नव्हतें. आम्हीं कारण विचारलें. ती म्हणाली, "काका, रोग ओळखण्यांत मी चुकलें नाहीं. आंत गेलें, दोन प्रश्न विचारले, निदान सांगितलें, औषध सांगितलें. तीन मिनिटांत काम झालें. मला वाटलें, मी हुशार आहें. पण ती बाई घाबरली होती, आणि तिला कशाची भीति वाटते हें मीं विचारलेंच नाहीं." आपल्या सरकारी रुग्णालयांत एका सकाळीं शंभर रोगी रांगेंत असतात, तेथें भीतीची विचारपूस करीत बसलें तर एक्याण्णवावा रोगी उन्हांत घेरी येऊन पडेल. तेव्हां तिची संवय वाईट नव्हती; ती दुसऱ्या परिस्थितीची होती. तरीहि आम्ही त्या रात्रीं बराच वेळ जागे होतों. छत्तीस वर्षांत आम्हीं मुलांस हजारों प्रश्न विचारले. त्या प्रत्येकाचें उत्तर आम्हांस आधींच ठाऊक होतें. जें ठाऊक नाहीं तें विचारण्याची कला आम्हीं कोणास शिकविली नाहीं, कारण ती आम्हांसच येत नव्हती.

दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. पण नोंदवहींत नांव चढलें म्हणजे शिक्षण सुरू झालें असें नव्हे. प्रथम एक वर्ष इंग्लंडांतील एका गांवीं तिनें साधी नोकरी केली. मग २०२२ च्या ऑगस्टांत कायचिकित्सेच्या तीन वर्षांच्या शिक्षणक्रमांत जागा मिळाली; त्या अवधींत 'एमआरसीपी'च्या तिन्ही परीक्षा झाल्या; आणि पुढें वृद्धवैद्यकाचीं चार वर्षें. येथील शिक्षण म्हणजे व्याख्यानें ऐकणें नव्हे. माणूस नोकरी करीत करीत शिकतो, वरिष्ठ डॉक्टर त्याचें काम पाहून टिपणें लिहितात, आणि दरसाल तीं टिपणें पाहून समिति त्यास पुढें पाठविते किंवा थांबविते. सहा-सहा महिन्यांनीं, वर्षावर्षानें रुग्णालय बदलतें. आपल्या गुरुकुलासारखीच ही रीति आहे. भेद एवढाच कीं येथें शिष्याबरोबर गुरूलाहि पुष्कळ कागद लिहावे लागतात.

जागा थोड्या आणि इच्छुक फार, हें येथील सर्वांत मोठें दुःख. त्या २०२५ सालीं सबंध ब्रिटनमध्यें सुमारें दहा हजार जागांसाठीं तीस हजारांहून अधिक डॉक्टरांचे अर्ज होते. आम्ही तेथें असतांनाच, जुलैच्या आरंभीं, तेथील सरकारनें आपली दहा वर्षांची आरोग्ययोजना प्रसिद्ध केली. स्वदेशांत शिकलेल्या डॉक्टरांस आणि दीर्घकाळ तेथें सेवा केलेल्यांस या जागांवर अग्रहक्क देण्याचें तींत जाहीर झालें. यांत रागावण्याजोगें आम्हांस कांहीं दिसलें नाहीं. आपल्या राज्यांतहि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या शंभरांतील पंचाऐंशी जागा राज्यांतील मुलांसाठींच असतात. परंतु नियम न्याय्य असला तरी त्याच्याखालीं सांपडणारा माणूस खराच असतो. त्याच आठवड्यांत विदर्भांतील एक तरुण डॉक्टर पुतणीकडे दोन दिवस राहावयास आला. प्लॅबचे दोन्ही भाग उत्तीर्ण, नोंदवहींत नांव, आणि आठ महिने नोकरी नाहीं. इंग्लंडांत एका घरांत पांच जण मिळून राहत. पुतणीनें पिठलें-भात केला. दुसऱ्यांदा भात वाढून घेतांना तो मान खालीं घालून म्हणाला, "घरीं सांगितलंय, नोकरी लागली म्हणून. बाबांनीं शेताचा तुकडा विकला होता." आम्हीं त्यास उपदेश केला नाहीं. लिंबाचें लोणचें मात्र पुढें सरकविलें.

पुतणीनें वृद्धवैद्यकच कां पत्करलें, हा प्रश्न आम्ही घरूनच घेऊन आलों होतों. तिला हृदयरोगाचें शास्त्र शिकावयाचें होतें. पहिली नोकरी मिळाली ती वृद्धांच्या कक्षांत, कारण तेथें जागा रिकामी होती. यालाहि इतिहास आहे. डॉ. मार्जरी वॉरन यांनीं १९३५ पासून लंडनजवळच्या एका रुग्णालयांत, वर्षानुवर्षें अंथरुणांत टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांस तपासून, हालचाल करावयास लावून, अनेकांस घरीं पाठविलें. तेथून हें शास्त्र उभें राहिलें. या विषयाचें जगांतील पहिलें प्राध्यापकपद १९६५ सालीं ग्लासगो येथें निर्माण झालें. तरी तेथील तरुण डॉक्टरांस हें काम नको असे. आणि जें त्यांना नको तें भारत-पाकिस्तानांतून गेलेल्या डॉक्टरांच्या वांट्यास येई. इतर शाखांचीं दारें बंद म्हणून ते या दारानें आंत गेले, आणि त्यांनींच हें शास्त्र पुष्कळसें वाढविलें. "मीहि तशीच आलें," पुतणी म्हणाली, "पण आतां दुसरीकडे जागा दिली तरी जाणार नाहीं."

आम्हांस आमच्या वाग्भटाची आठवण झाली. त्यानें आयुर्वेदाचीं जीं आठ अंगें मोजलीं त्यांत काय, बाल, ग्रह, ऊर्ध्वांग, शल्य, दंष्ट्रा यांच्याबरोबर 'जरा' हें एक स्वतंत्र अंग आहे. म्हणजे नांव आपल्याकडे होतें. पण जरेसाठीं वेगळा कक्ष, वेगळा वैद्य, आज आपल्या किती जिल्ह्यांत सांपडेल? आपण मानून चाललों कीं घरांत सुना-मुलें आहेत, तेवढें औषध पुरे आहे.

तिच्या कक्षांत आम्हांस जातां येत नसे, आणि तें योग्यच. परंतु रात्रीं जेवतांना ती कामाची रीति सांगे. वृद्ध माणूस रुग्णालयांत आला कीं एकट्या रोगाचा विचार होत नाहीं. आठवड्यांतून एकदां डॉक्टर, परिचारिका, व्यायाम शिकविणारे, औषधें पाहणारे आणि समाजसेवक एकत्र बसतात. हा माणूस पूर्वीं चालत होता कीं नाहीं? जिना किती पायऱ्यांचा? किती गोळ्या खातो, आणि त्यांतील किती बंद करतां येतील? घरीं जाऊन सतरंजीची मुडपलेली कड आणि न्हाणीचा उंबरठा पाहणारेहि लोक आहेत. स्कॉटलंडांत पासष्ट वर्षांवरील ज्या माणसास गरज ठरेल त्यास घरीं अंघोळ घालणें, जेवूं घालणें अशी मदत २००२ सालापासून विनामूल्य मिळते.

भाषेचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एक आजीबाई सकाळीं म्हणाल्या, "मी रात्रभर ग्रीट करीत होतें." इंग्रजींत 'ग्रीट' म्हणजे अभिवादन करणें. पुतणीस वाटलें, बाईंस भ्रम झाला. रात्रभर कोणास नमस्कार करीत होत्या? परिचारिकेनें कानांत सांगितलें कीं स्कॉटलंडच्या बोलींत 'ग्रीट' म्हणजे रडणें. इंग्रजीच्या परीक्षेंत उत्तम गुण मिळविलेल्या डॉक्टरणीनें रडणाऱ्या बाईस वेडी ठरविली असती! तेव्हांपासून ती या बोलीचे शब्द एका वहींत टिपून ठेवते. आम्हीं ती वही पाहिली. अमरकोश पाठ केलेल्या माणसास असा कोश पाहून आनंद व्हावा यांत नवल नाहीं.

वृद्ध माणूस एकाएकीं असंबद्ध बोलूं लागला तर त्यास पाहण्याची चार भागांची एक लहानशी कसोटी याच नगरांत प्राध्यापक मॅकलुलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बसविली आहे. माणूस जागा आहे कीं ग्लानींत. स्वतःचें वय, जन्मदिवस, स्थळ आणि चालू वर्ष सांगतो का. डिसेंबरापासून उलट क्रमानें महिने म्हणतो का. आणि ही अवस्था अचानक आली का. दोन मिनिटांत होतें. पुतणी म्हणाली, "आपल्याकडच्या आजींना फाल्गुन, माघ, पौष असं विचारावं लागेल. अचानक आलेला भ्रम म्हणजे म्हातारपण नव्हे, काका. लघवींत जंतु झालेले असतात, पोट साफ नसतें, पाणी कमी पडलेलें असतें, नवी गोळी बाधलेली असते. शोधलें तर पुष्कळदां सांपडतें."

हें ऐकून आमच्या हातांतील घास हातांतच राहिला. २००३ सालच्या श्रावणांत आमच्या मातोश्री तीन दिवस बरळत होत्या. माहेरच्या गाईंस हांका मारीत. ऐंशीं उलटली होती. आम्हीं म्हटलें, म्हातारचळ लागला. नाना म्हणाले, डॉक्टरास बोलवावें. आम्हींच म्हणालों, कशास त्रास द्यावयाचा. चौथ्या दिवशीं त्या गेल्या. बावीस वर्षांत हें कोणासमोर बोललों नव्हतों, तें पुतणीस सांगितलें. आणि विचारलें, "तेव्हां काय झालें असेल?" ती बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिली. "आतां सांगतां येणार नाहीं, काका," ती म्हणाली. तिनें आमचें समाधान केलें नाहीं, दोषहि दिला नाहीं. ताट बाजूस सारून आमच्याजवळ येऊन बसली.

६ जुलै रोजीं रविवारीं आषाढी एकादशी होती आणि तिला सुट्टी होती. साबुदाण्याची खिचडी खाऊन आम्ही दोघें फिरावयास निघालों. लॉरिस्टन प्लेस येथें जुन्या रॉयल इन्फर्मरीची मनोऱ्यांची भव्य इमारत आहे. १८७९ सालीं उघडलेलें हें रुग्णालय २००३ सालीं शहराबाहेर लिटल फ्रान्स येथें हलविण्यांत आलें. जुनी वास्तु आतां विद्यापीठाकडे आहे. या संस्थेचें ब्रीद लॅटिन भाषेंत दारावर कोरलेलें आहे. त्याचा अर्थ, 'सर्वांस मुक्तद्वार'. संस्कृतज्ञास लॅटिन अगदींच परकें वाटत नाहीं; आम्हीं तीं दोन पदें वाचून तिला विभक्ति सांगितली. मग तेथल्याच एका बांकावर बसून, ज्यासाठीं आलों होतों तें विचारलें.

तिनें लगेच उत्तर दिलें नाहीं. मग म्हणाली, "ऑगस्टपासून चार वर्षें. म्हणजे २०२९. त्यापुढचें मला खरोखर ठाऊक नाहीं. नानांना दोन वर्षें म्हणालें तें खोटें नव्हतें, अज्ञान होतें. आतां पुन्हा तारीख सांगितली तर तें खोटें होईल."

"त्यांना इकडे आणतां येत नाहीं का?"

"नाहीं. २०१२ सालीं नियम कडक झाले. आईवडील अगदीं परावलंबी झाले आणि तिकडे त्यांची सोय होऊंच शकत नाहीं असें सिद्ध केलें, तरच. म्हणजे नाना चालतात, जेवतात, तोंवर त्यांना आणतां येत नाहीं. आणि अंथरुणाला खिळल्यावर विमानांतून आणावं, असा सल्ला मी कुठल्याहि रोग्याच्या मुलीला देणार नाहीं." समोरच 'सर्वांस मुक्तद्वार' हीं अक्षरें होतीं. रोग्यांस तें दार मुक्त होतें यांत संशय नाहीं. डॉक्टरणीच्या बापास मात्र तें रोगी होऊनहि मुक्त होईलच असें नव्हतें.

'रखमाबाई परत आल्या होत्या,' असें आमच्या ओठांवर आलें. परंतु ज्या समाजानें त्यांस निघण्यापूर्वीं दगड मारले, त्यानें त्यांच्या परतण्याचा दाखला आपल्या मुलींपुढें करावा हें बरें दिसेना. आम्ही गप्प राहिलों. थोड्या वेळानें तीच म्हणाली, "यायला नको असं नाहीं, काका. पण आपल्या जिल्ह्यांत असा कक्ष नाहीं, असा संघ नाहीं. आलें तर एकटी काय करीन हें मला अजून कळत नाहीं. तें कळावं म्हणूनच शिकतें आहें." तिचा आवाज थोडा फिरला. कोणत्या भाषेंतील 'ग्रीट' तें आम्हीं ओळखलें.

त्या संध्याकाळीं, म्हणजे घरच्या रात्रीं, नानांशीं नेहमींचें बोलणें झालें. तिनें तब्येत विचारली. नाना म्हणाले, ठीक आहे. पूर्वीं संभाषण येथेंच संपत असे. त्या दिवशीं तिनें विचारलें, "नाना, पडलात तेव्हांपासून तुम्हांला कशाची भीति वाटते?" पलीकडे इतका वेळ शांतता होती कीं आम्हांस वाटलें, फोन बंद पडला. मग नाना म्हणाले, "अंथरुणांतून उठलों कीं डोळ्यांपुढें अंधारी येते. सांगितलं नाहीं. म्हटलं, तुझ्या आईला काळजी." आठ महिने हें त्यांनीं कोणास सांगितलें नव्हतें, कोणीं विचारलेंहि नव्हतें.

परत आल्यावर आम्हीं पुतणीनें सांगितल्याप्रमाणें केलें. नानांचा रक्तदाब प्रथम निजलेल्या स्थितींत मोजला, मग उभें करून एका मिनिटानें आणि तीन मिनिटांनीं मोजला. वरचा आंकडा वीसनें उतरला तर तें दुखणें समजावें, असें तिनें लिहून दिलें होतें. नानांचा बत्तिसानें उतरला. तो कागद घेऊन आमच्या गांवच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं तो नीट वाचला, सात गोळ्यांतील दोन बंद केल्या, एकीची वेळ बदलली. न्हाणीघरांत भिंतीस दांडा बसविला, दारांतली सतरंजी काढली. कार्तिकांत नाना देवळापर्यंत चालत गेले. आम्ही बरोबर होतों.

पहिल्याच रात्रीं त्यांनीं विचारलें होतें, "विचारलंस का?" आम्हीं सर्व जसेंच्या तसें सांगितलें, २०२९ सांगितलें, आणि पुढचें तिला ठाऊक नाहीं हेंहि सांगितलें. नाना थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. दोन वर्षं म्हणाली होती तेव्हां मी रोज मोजत होतों. आतां मोजायला नको." त्यांस दुःख झालें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. वहिनी उठून आंत गेल्या.

ज्या घरांतून मुलें अशा शिक्षणासाठीं परदेशीं गेलीं आहेत किंवा जाऊं पाहतात, त्यांच्या वडीलधाऱ्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. जाण्यापूर्वीं जागा किती आणि इच्छुक किती हें मुलांबरोबर बसून पाहावें. शेत विकण्याचा निर्णय त्यानंतरचा. नापास झाल्याचें घरीं मोकळेपणानें सांगतां येईल, असें घर ठेवावें. विदर्भांतील तो मुलगा अजून आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. आणि रविवारीं फोन आला म्हणजे तारीख विचारण्यापूर्वीं तिकडे कशाची चिंता वाटते तें विचारावें, आणि मग आठ मिनिटें आपण कांहीं बोलूं नये. हें आम्ही पासष्टी उलटल्यावर शिकलों. वाचकांनीं इतका उशीर करूं नये.